वर्षाचं धान्य कशात भरायचं आणि कसं भरायचं: गावात नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी

नागपूरला फ्लॅटमध्ये होते तोवर माझ्यासाठी धान्य म्हणजे किराणा दुकानातली पाच किलोची थैली. संपली की दुसरी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या या गावात राहायला आले आणि पहिल्याच वर्षी चाळीस किलो तूर, दीड क्विंटल गहू आणि दोन पोती ज्वारी एकदम अंगणात येऊन पडली. मी हौसेने आठवडी बाजारातून नवाकोरा निळा ड्रम आणला, तूर ओतली, झाकण घट्ट फिरवलं आणि मोकळी झाले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी झाकण उघडलं. आतून कोमट, कोंदट हवा तोंडावर आली. टॉर्च मारला तर तूर हलताना दिसली. हलत होते ते अर्थातच भुंगे. सासूबाईंनी मूठभर तूर तळहातावर घेतली. दाण्यादाण्याला गोल भोक. त्यांनी एवढंच विचारलं, "काहून वं पोरी, उन्हात नाई घातली काय?"

ड्रम उत्तम होता. झाकणातून मुंगीसुद्धा आत जाऊ शकली नसती. पण घट्ट डबा म्हणजे दारावरचा पहारेकरी. चोर आधीच घरात असेल तर पहारेकरी त्यालाच सांभाळतो. ओलं धान्य भरलं तर डबा ओल सांभाळेल, किडीची अंडी भरली तर अंडी. म्हणून या लेखात डब्याआधी उन्हाबद्दल बरंच आहे. कंटाळा आला तरी ते वगळू नका, माझी चाळीस किलो तूर तिथेच गेली.

आधी सामान गोळा करा

- दोन ताडपत्र्या: एक अंथरायला, दुसरी अवकाळी आला तर झाकायला
- सूप, गव्हाची चाळणी, बारीक चाळणी, वजनकाटा
- घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि वाटीभर मीठ (कशाला ते पुढे सांगते)
- काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा आणि तेवढाच पारदर्शक प्लास्टिकचा
- विटा, दोन-तीन फळ्या, टॉर्च
- रुंद चिकटपट्टी, जाड मार्कर, एक वही

कागदपत्र एकच: प्लास्टिकचा ड्रम घेणार असाल तर दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या आणि त्यावर ड्रम खाद्यपदार्थांसाठीचा आहे असं लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

१. किती धान्य, किती लिटर

डबे विकत घेतले जातात लिटरच्या हिशोबाने आणि धान्य असतं किलोत. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ढोबळ हिशोब असा: एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. तांदूळ आणि डाळी थोड्या कमी जागेत बसतात. १५ किलो तेलाच्या रिकाम्या पिप्यात १३ किलोच्या आसपास गहू मावतो. त्याच पिप्यात पीठ भरलं तर नऊ किलोवरच तोंड येतं. २०० लिटरच्या ड्रममध्ये दीड क्विंटल गहू आरामात जातो.

तो जातो म्हणून भरू नका. दीड क्विंटलचा ड्रम एकदा ठेवला की चार माणसं आल्याशिवाय हलत नाही. त्याखाली ओल धरली तर कळत नाही, आणि दर आठवड्याला झाकण उघडलं की पावसाळ्यातली हवा सगळ्या दीड क्विंटलवर फिरते. मी आता गहू एका मोठ्या कोठीत आणि चार पिप्यांत वाटून भरते. पावसाळ्यात फक्त पिपे उघडायचे, एका वेळी एकच. कोठीला दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.

२. वाळवण: खरं काम इथेच होतं

आपल्या भागातला उन्हाळा अंगाला नको होतो, धान्याला मात्र सोन्यासारखा. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास आणि हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली. तीच हवा ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर ओली असते. धान्य हवेतली ओल ओढतं आणि सोडतं. त्यामुळे हवा कोरडी असतानाच ते वाळवून बंद करायचं, ही सगळी धडपड तेवढ्यासाठी.

किती वाळलं पाहिजे? गहू, ज्वारी, तांदूळ १२ टक्के ओलाव्याच्या आत. तूर, हरभरा, मूग दहाच्या आसपास. भुईमूग, तीळ, जवस ही तेलाची धान्यं आठ टक्क्यांच्या आत. बियाणं साठवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: ओलावा एक टक्क्याने उतरला की टिकण्याचा काळ दुप्पट होतो, आणि साठवणीच्या जागेचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरीही दुप्पट होतो. खाण्याच्या धान्याला तो शब्दशः लागू पडेलच असं नाही, पण कशाने किती फरक पडतो याचा अंदाज येतो.

घरी ओलावा मोजायचा कसा? पहिली परीक्षा दातांची. गव्हाचा दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. तो चेपला, चिकट लागला तर अजून दोन उन्हं द्या. दुसरी परीक्षा मिठाची. मीठ कढईत कोरडं भाजून पूर्ण गार करा. काचेची बरणी कोरडी असल्याची खात्री करा. तिसरा हिस्सा बरणी भरेल एवढं धान्य आणि दोन चमचे मीठ घालून मिनिटभर हलवा, मग दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. काचेला मीठ चिकटलं किंवा त्याचे खडे झाले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तर १५ च्या खाली आहे एवढंच समजायचं, १२ च्या खाली आहे असं नाही. मी मीठ सुटं राहिल्यानंतरही दोन कडक उन्हं देतेच. सोयाबीन विकायला नेलं की १२ टक्क्यांच्या अटीवरून खरेदी केंद्रावर ज्या यंत्राने ओलावा मोजतात, ते यंत्र गावात कुण्या व्यापाऱ्याकडे असेल तर मूठभर धान्य घेऊन जा. विकायचं नसलं की मोजून देताना कोणी खळखळ करत नाही, हा माझा अनुभव.

वाळवताना या गोष्टी सांभाळा:

डांबरी रस्त्यावर धान्य पसरू नका. गहू लवकर वाळतो हे खरं, पण खडे येतात, डांबराचा वास लागतो आणि रात्री दुचाकीवाल्याचा जीव जातो. अंगण सारवून ताडपत्री टाका, दोन बोटांपेक्षा जाड थर नको, तासाभराने पाय फिरवून खालवर करा.

तूर डिसेंबर-जानेवारीत घरी येते. तेव्हा रात्री दव पडतं. संध्याकाळी तूर आत घेतली नाही तर दिवसभराचं ऊन सकाळपर्यंत वाया. आमच्याकडे तूर तेव्हा एकदा वाळवतो आणि नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, पुन्हा एकदा. मृग लागायच्या आत सगळे डबे बंद.

तांदळाला कडक ऊन देऊ नका. दाणा तडकतो आणि भात शिजताना कणी होते. सावलीत, वाऱ्यावर पसरा. पेरणीचं बियाणंही वेगळं काढा, पुढे तिसऱ्या भागात सांगितलेला प्लास्टिकचा प्रयोग त्याच्यावर करू नका, अंकुर मरू शकतो.

आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ती गोष्ट: उन्हातून उचललेलं गरम धान्य लगेच डब्यात भरणं. रात्री पत्रा गार होतो, आतली गरम हवा झाकणाला लागते आणि झाकणाखाली घाम सुटतो. तो थेंब वरच्या थरावर पडतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. धान्य संध्याकाळी घरात आणा, सुती चादर झाका, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी भरा.

३. आत बसलेली कीड आधी मारा

तुम्ही विचाराल, चाळलेलं, निवडलेलं, स्वच्छ धान्य, त्यात कीड आली कुठून? सोंडा गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि ते भोक चिकट लेपाने बुजवतो. चाळणीत तो दाणा चांगल्या दाण्यासारखाच दिसतो. तुरीवरचा आणि हरभऱ्यावरचा भुंगा तर शेतातूनच येतो, हिरव्या शेंगेवर अंडी घालून. मुगावर, चवळीवर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती त्याची अंडी. उबदार हवेत महिन्याभरात एक पिढी तयार होते. जूनमध्ये दहा असले तर पोळ्यापर्यंत किती, याचा हिशोब मी ड्रम उघडून पाहिला आहे.

उपाय एक: उन्हाची भट्टी. जमिनीवर गवत किंवा पोती अंथरा, त्यावर काळं प्लास्टिक, त्यावर बोटभर जाडीचा डाळीचा किंवा कडधान्याचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिक. कडा दगडांनी दाबा. मेच्या भर दुपारी दोन-तीन तास. आत ६० अंशांच्या आसपास तापतं आणि अंडी, अळ्या, भुंगे सगळे मरतात. धान्य आधी वाळलेलं असावं, नाहीतर वरच्या प्लास्टिकला आतून पाणी सुटेल.

उपाय दोन, थोड्या मालासाठी: डीप फ्रीझरमध्ये घट्ट बांधलेल्या पिशवीत चार-पाच दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता घरच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर गार दाण्यांवर पाणी धरेल.

उपाय तीन जुना आणि बिनखर्चाचा: कडधान्य अख्खं ठेवण्याऐवजी डाळ करून ठेवा. भुंग्याच्या अळीला वाढायला अख्खा दाणा लागतो, डाळीत तिचं जमत नाही. डाळीला वेगळी कीड लागते, जाळी होते, पण भुंग्याचा त्रास मिटतो. मी आता वर्षाची तूर फेब्रुवारीतच भरडून आणते. अख्खी ठेवते ती फक्त पाच किलो.

४. कशात भरायचं

आता डबा. प्रत्येकाचा एक गुण आणि एक खोड.

पत्र्याची कोठी: वरून भरायचं, खालच्या लहान दारातून काढायचं. गव्हा-ज्वारीसाठी माझी पहिली पसंती हीच, कारण उंदीर. प्लास्टिक कितीही जाड असो, उंदराने मनावर घेतलं तर एका रात्रीत कोपरा कुरतडतो. पत्र्यापुढे त्याचं चालत नाही. कोठीची खोड म्हणजे सांधे आणि खालचं दार. विकत घेताना उजेडात बघून उपयोग नाही. घरी आणल्यावर रात्री आत पेटता टॉर्च ठेवा, झाकण लावा, घरातले दिवे घालवा. जिथून उजेड येतो तिथून सोंडाही येईल. सांधे दुरुस्त करून घ्या, खालच्या दाराला रबरी पट्टी बसवा. जस्ती पत्र्यात मीठ, चिंच, आमचूर कधी ठेवू नका, पत्रा खाल्ला जातो.

तेलाचा पिपा: सगळ्यात स्वस्त, घरात असतोच. बाजारात टिनाची कामं करणाऱ्याकडून वरचा पत्रा कापून घट्ट झाकण बसवून घ्या. खरी मेहनत धुण्यात आहे. तेलाचा पापुद्रा राहिला की तो खवट होतो आणि गव्हाला वास लागतो. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, दोन वेळा, मग दोन दिवस उलटा उन्हात. गंजाचा ठिपका दिसला तर तो पिपा पीठ-तांदळाला नको, गुरांच्या ढेपेला ठेवा.

स्टीलचा डबा: चुंबक चिकटलं नाही म्हणजे भारी स्टील, असं बाजारात सांगतात. स्वस्त २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि महाग ३०४ लाही नाही. कोरड्या धान्याला दोन्ही चालतात. पैसे नंबरवर घालवण्यापेक्षा झाकण बघा. घरंगळत बसणारं झाकण धुळीपुरतं असतं. दाबून बसवताना विरोध करणारं, उघडताना 'फट' आवाज करणारं घ्या.

प्लास्टिकचा ड्रम: इथे थांबून वाचा. आठवडी बाजारात निळे ड्रम स्वस्तात मिळतात. त्यातले पुष्कळसे कारखान्यातून रिकामे झालेले असतात. आत काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. "धुऊन घेतलाय बाई" याला अर्थ नाही, कारण प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि हळूहळू परत सोडतं. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असला म्हणजे झालं, हाही गैरसमज. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, आत आधी काय भरलं होतं ते सांगत नाही. नवा ड्रम घ्या, त्यावर पेला-काट्याची खूण बघा. पॉलिइथिलीनच्या भांड्यांसाठी आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० हे खाद्यसंपर्काचे भारतीय मानक क्रमांक आहेत, चांगल्या कंपन्या ते छापतात.

फवारणीच्या औषधाचा डबा, मग तो पाच लिटरचा असो की पन्नास, कितीही वेळा धुतला तरी घरात येता कामा नये. आमच्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विष श्वासातून आणि कातडीतूनही गेलं होतं. त्याच कुळातल्या औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये मीठ भरलेलं मी या गावात स्वतः पाहिलं आहे. असे डबे भोक पाडून निकामी करा, म्हणजे दुसऱ्या कुणाला मोह होणार नाही.

हवाबंद पिशवी: ही नवी, पण गोष्ट साधी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी तीन थरांची पिशवी बसवली. आत दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. एकेक तोंड पीळ देऊन, दुमडून करकचून बांधायचं. आत अडकलेली कीडच श्वास घेऊन प्राणवायू संपवते आणि गुदमरते. औषध लागत नाही. आपल्याकडेही अशा पिशव्या मिळतात. एक भोक पडलं की सगळं मुसळ केरात, म्हणून मी पिशवी कोठीच्या आत ठेवते: उंदराला पत्रा, किडीला पिशवी.

मातीची कणगी आणि रांजण: गारवा उत्तम, पण माती पावसाळ्यात ओल पिते. पोळ्यापर्यंत संपणाऱ्या ज्वारीला ठीक. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा कोठीत हीच अडचण ओळखून मातीच्या दोन भिंतींच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. माती ऊन अडवते, कागद ओल अडवतो. घर बांधताय आणि कोपऱ्यात जागा आहे, तर गवंड्याला सांगून बांधून घेण्यासारखी गोष्ट आहे.

काचेच्या बरण्या तीळ, खसखस, मसाल्यांसाठी. उजेडापासून दूर.

५. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या: कुणाला लागतात

शहरातून आलेली मंडळी हे आधी विचारतात. चंदेरी जाड पिशवी आणि आत लोखंडाच्या भुकटीची पुडी, आता ऑनलाइन मिळतं. चार लिटरच्या पिशवीला ३०० सीसीची, २० लिटरला २००० सीसीची पुडी लागते (सीसी म्हणजे पुडी किती प्राणवायू शोषते त्याचं माप). पाकीट फोडलं की अर्ध्या तासात सगळं भरून बंद करा, कारण पुडी बाहेरच्या हवेवरही काम करतच राहते. यात तांदूळ वर्षानुवर्षं टिकतो. धान्य दहा टक्क्यांच्या खाली वाळलेलं नसेल तर मात्र हा प्रकार करू नका. ओल असलेल्या आणि प्राणवायू नसलेल्या जागी घातक जंतू वाढू शकतात. साखर आणि मिठात पुडी घालू नका, दगड होतो. शेंगदाण्याला, हातसडीच्या तांदळाला तेल असतं, तेही यात फार काळ ठेवू नये. वर्षाचं धान्य वर्षात संपवणाऱ्या घराला या खर्चाची गरज नाही, असं माझं मत.

कोठीत पेटता दिवा ठेवून झाकण लावायचं, म्हणजे हवा जळून जाते आणि कीड मरते, हा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. दिवा विझतो तेव्हा आत अजून १६ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू शिल्लक असतो. सोंड्याला तेवढा भरपूर झाला.

६. भरताना काय घालायचं, काय नाही

डबा आतून फडक्याने पुसून दिवसभर उन्हात. मग काठोकाठ भरा. अर्धा डबा धान्य म्हणजे अर्धा डबा हवा. भरताना मधे मधे डबा आपटून घ्या, धान्य बसतं. झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी फिरवा.

कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवून. हिरवा पाला घालणारे ओलच घालतात. पाल्याने कीड दूर राहायला मदत होते, आत असलेली मरत नाही. तूरडाळीला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल चोळणं चांगलं, आमच्याकडे सासूबाई तेच करतात. पेरणीच्या कडधान्यात चाळलेली कोरडी राख.

पाऱ्याच्या गोळ्या नकोत. पारा विषारी आहे, गोळी फुटली की तो धान्यात जातो. बोरिक पावडरही नको. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी 'एक टाका, काही होत नाही' म्हणून आणून दिल्या तर घराच्या उंबऱ्यातूनच परत पाठवा. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्याला उतारा नाही. धान्याची कोठी आणि झोपायची खोली एकच असलेल्या घरात त्या गोळ्यांनी अख्खं कुटुंब जाऊ शकतं. यावर माझं कुणाशीही वाद घालायचं काम नाही.

शेवटी प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी: धान्य, वजन, भरल्याची तारीख, कुठल्या वावरातलं. 'लक्षात राहील' म्हणू नका.

७. कुठे ठेवायचं

टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर नाही. मेमध्ये तिथे अंगाला भाजतं, मग धान्याचं काय होत असेल. चुलीच्या आणि पाण्याच्या रांजणाच्या जवळ नाही. खताची पोती आणि औषधं ज्या खोलीत आहेत तिथे तर नाहीच. घरातली सगळ्यात गार, अंधारी, मधली खोली निवडा. विटांवर फळी, फळीवर डबा, भिंतीपासून हातभर लांब. मागून झाडू फिरला पाहिजे आणि उंदराची लेंडी दिसली पाहिजे.

८. न उघडता लक्ष कसं ठेवायचं

ही युक्ती माझी स्वतःची, ड्रमच्या प्रसंगानंतरची. जे धान्य कोठीत भरते, त्याच ढिगातलं अर्धा किलो काचेच्या बरणीत भरून फडताळावर ठेवते. हिला आमच्या घरात 'साक्षीदार' म्हणतात. आठवड्याला बरणी उचलून तळाशी बघायचं. पीठ साचलं, दाणा भोकाचा दिसला, बरणीला आतून ओल आली, तर कोठीतही तेच चाललं आहे. मग पावसाने उघडीप दिली की दुपारी कोठी उघडा. हात कोपरापर्यंत आत घाला. आत गरम लागलं तर कीड किंवा ओल नक्की आहे.

थोडी कीड असेल तर चाळा, ऊन द्या, ते धान्य आधी संपवा. बुरशीचा वास आला, दाणे हिरवे-काळे दिसले तर फेका, विशेषतः शेंगदाणे आणि मका. त्या बुरशीचं विष धुऊन जात नाही आणि शिजवूनही मरत नाही. कोंबड्यांनाही घालू नका.

रेशनचा तांदूळ पोषकद्रव्यं मिसळलेला असेल तर त्यात काही दाणे वेगळे, पिवळसर दिसतात. ते प्लास्टिकचे नाहीत. लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळलेले असतात. निवडून फेकू नका.

९. काय किती टिकतं

नीट वाळवलेला गहू आणि ज्वारी वर्षभर सहज. पॉलिशचा तांदूळ त्याहून जास्त. तूरडाळ वर्षभर, पण जुनी डाळ आणि जुने हरभरे शिजायला वेळ घेतात, पुरणाला नवी डाळच घ्या. हातसडीचा तांदूळ सहा महिन्यांच्या आत. शेंगदाणे सालीसकट, शेंगेतच ठेवलेले बरे, फोडले की खवटपणा लवकर. जवस अख्खा ठेवा, कुटून ठेवू नका. पीठ साठवायची गोष्टच नव्हे, ज्वारीचं तर पावसाळ्यात पंधरा दिवसांत कडसर होतं. भिवापुरी मिरची अख्खी, देठासकट, कोरड्या पिप्यात, तिखट लागेल तसं कुटा. गूळ पावसाळ्यात पाझरतो, म्हणून काचेत किंवा चिनी मातीत. कुरडया, पापड आणि मूगवड्या वेगळ्या डब्यात, धान्यासोबत नको. एकाची जाळी दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

१०. नवं धान्य आलं की

जुन्या गव्हावर नवा गहू ओतणं, हा माझा दुसऱ्या वर्षीचा प्रताप. कोठीच्या तळाशी चार किलो उरला होता, त्यात दोन-चार सोंडे होते, आणि वरून मी दीड क्विंटल ओतला. उरलेलं जुनं आधी बाहेर काढा, दळून संपवा. कोठी झाडून, कडेच्या सांध्यांतला भुसा दातांच्या जुन्या ब्रशने आणि सुईने कोरून काढा, अंड्यांची वस्ती तिथेच असते. खालचं दार उघडं ठेवून कोठी तीन दिवस उन्हात उलटी घाला. रिकामी पोती पुन्हा वापरणार असाल तर कढत पाण्यात उकळून वाळवा. मग टॉर्चची परीक्षा पुन्हा एकदा घ्या, कारण वर्षभरात हलवाहलवीत सांधा सुटलेला असतो. यंदा माझ्या कोठीचा डाव्या बाजूचा सांधा तिसऱ्यांदा सुटला. टिनवाला बुधवारी येतो, तोवर गहू चादरीखाली आहे.